गार पाण्याची आंघोळ : पाडव्यापासून माघापर्यंत

ज्यांना पहाटे चारला उसाच्या फडात कोयता घेऊन उभं राहावं लागतं, त्यांना हा लेख वाचायची गरज नाही. गैरसोय त्यांच्या दारात आपणहून येते. गिझरचं बटण दाबून दात घासायला जाणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी, हे लिहितोय. अंगाला थोडा त्रास आपण होऊन द्यायचा, तो आरडाओरडा न करता सोसायला शिकायचं आणि सोसण्याची ताकद हळूहळू वाढवायची, एवढाच हेतू. त्यासाठी उपास आहेत, जमिनीवर झोपणं आहे, लांबची पायपीट आहे. पण नवख्यानं सुरुवात गार पाण्याच्या आंघोळीनं करावी, असं माझं ठाम मत आहे. खर्च काही नाही, वेगळा वेळ काढावा लागत नाही, आणि जमलंच नाही तर गरम पाण्याची बादली शेजारीच असते.

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पाणी किती गार असावं ते ऋतूला ठरवू द्या. आणि आपल्याला किती झेपतंय ते स्वतःच्या आवाजावरून ओळखा. पुढचं सगळं या दोन्हींचाच तपशील आहे.

कोणी थांबायचं

गार पाणी अंगावर पडलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या एकदम आकसतात, रक्तदाब आणि नाडी दोन्ही उसळतात. धडधाकट माणसाचं यानं काही बिघडत नाही. पण हृदयविकार असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला असेल, फिट येत असतील किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. गारठ्यानं दमा उसळणारे, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणारे, गार वाऱ्यानं अंगावर गांधी उठणारे, यांनीही तेच करावं. मधुमेहानं पायांची जाणीव कमी झालेली असेल तर पाणी किती गार आहे हे पायाला कळतच नाही, तेव्हा तिथेही सांभाळून. डॉक्टर नको म्हणाले तर विषय संपला. सकाळी चालायला जा.

कधी सुरू करायचं

बहुतेक जण एक जानेवारीला सुरू करतात आणि संक्रांतीच्या आत सोडतात. संकल्पाच्या भरात सर्वांत गार महिना निवडायचा, याला काय म्हणावं! गुढीपाडव्यानंतर सुरुवात करा. चैत्र-वैशाखात गार पाणी हवंसंच वाटतं, त्यामुळे मनाशी भांडण होत नाही आणि सवय बिनबोभाट लागते. पुढे मृगाचा पाऊस आला की पाणी थोडं निवतं. दिवाळीच्या आसपास आणखी थोडं. पौष-माघात ते खरोखर बोचायला लागतं, पण तोवर तुमच्या अंगाला कित्येक महिन्यांचा सराव झालेला असतो. पायऱ्या निसर्गानंच बांधून ठेवल्या आहेत, आपण रोज बादलीपाशी हजर राहिलं की झालं.

पाणी कुठून येतं हे मात्र बघून ठेवा. इमारतीच्या गच्चीवर प्लास्टिकची काळी टाकी असेल तर उन्हाळ्यात दुपारी नळाला चटका बसेल इतकं पाणी येतं. नागपूर-अकोल्याकडच्यांना हे सांगायला नको. त्या टाकीचं पाणी पहाटे सर्वांत गार असतं, दहा वाजले की कोमट. म्हणून वेळ रोज एकच ठेवा, नाहीतर आज सोपं आणि उद्या अवघड का गेलं हे कळत नाही.

बोअर किंवा विहिरीचं पाणी असेल तर गंमत वेगळी. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, म्हणून ते उन्हाळ्यात गार लागतं आणि थंडीत कोमट. थंडीच्या पहाटे विहिरीतून वाफा निघताना गावाकडच्या प्रत्येकानं पाहिलेल्या असतात. अशा पाण्याला ऋतूच्या पायऱ्या नाहीत. मग रात्री बादली भरून गॅलरीत किंवा अंगणात उघड्यावर ठेवायची. सकाळपर्यंत हवेच्या गारठ्यानं ती आपोआप ऋतूवर येते. वर जाळी किंवा पातळ फडकं टाका, नाहीतर पाखरं आणि पालापाचोळा.

बादली आणि तांब्या, शॉवर नको

शॉवरखाली माणूस पाण्याच्या ताब्यात असतो, तांब्यानं घेताना पाणी माणसाच्या ताब्यात. प्रत्येक तांब्या हा वेगळा निर्णय असतो: उचलायचा, थांबायचं, ओतायचा. सोसण्याचा सराव त्या उचलण्यात आहे. भिजणं काय, कुणालाही जमतं. साधारण वीस लिटरच्या बादलीत मोठा प्लास्टिकचा मग घेतला तर पंधरा-वीस वेळा भरतो, म्हणजे एका बादलीत तेवढे निर्णय. सुरुवातीला पाटावर किंवा स्टुलावर बसून घ्या. दचकून पाय सरकला तर उंचीवरून पडणं नको. घरात एकटे नसाल तर पहिले काही दिवस आतून कडी न लावलेली बरी.

पहिले दोन आठवडे

नेहमीसारखी गरम पाण्याची आंघोळ करा. साबण वगैरे सगळं उरकलं की शेवटचे तीन तांब्ये गार. पहिला पावलांवर, दुसरा गुडघ्यांपासून खाली, तिसरा हातांवर कोपरापर्यंत. बस. हे इतकं सोपं वाटेल की हसू येईल. येऊ द्या.

चार-पाच दिवसांनी चौथा तांब्या डाव्या खांद्यावर आणि पाचवा उजव्या. इथे पहिल्यांदा अंग बोलायला लागतं. खांदे आपोआप कानांकडे सरकतात, पोट आत जातं आणि हुंदका दिल्यासारखा श्वास आत ओढला जातो. हा भित्रेपणा समजू नका. कातडीतल्या थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंनी दिलेली ही थेट आरोळी आहे. कातडी जितक्या झटकन गार होते तितकी ती मोठी. पाणी १५ अंशांच्या खाली गेलं की फारच जोरात येते. पहिल्या अर्ध्या मिनिटात ती सर्वांत तीव्र असते आणि दोन-तीन मिनिटांत बरीचशी ओसरते. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात माईक टिप्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. गार पाण्यात दोन-तीन मिनिटं उतरण्याचा अनुभव पाच-सहा वेळा घेतला की हा धक्का जवळपास अर्ध्यावर येतो आणि ही सवय पुढे काही महिने टिकते, असं त्या कामातून दिसलं. म्हणजे पहिला आठवडा काढलात तर अर्धी लढाई झालीच.

छातीवरचा तांब्या दुसऱ्या आठवड्यात घ्या. पाठीचा सर्वांत शेवटी. दोन खांद्यांच्या मधोमध जी जागा आहे ना, जिथे स्वतःचा हात पोचत नाही, तिथे गार पाणी पडलं की भलेभले कळवळतात. तो तांब्या मानेवरून मागे सोडायचा. भसकन ओतू नका. धार बारीक ठेवा आणि पाणी कण्यावरून खाली उतरतंय तिकडे लक्ष द्या. डोक्यावरून रोज घ्यायलाच हवं असं नाही. लांब केसांच्या बायकांना ते परवडतही नाही. डोकं कोरडं ठेवून केलेली गार आंघोळही पूर्ण आंघोळच.

हर हर गंगे, किंवा एकोणतीसचा पाढा

आता मुख्य गोष्ट. नदीवर आंघोळ करणारी जुनी माणसं पहिली बुडी मारताना किंवा पहिला तांब्या ओतताना मोठ्यानं ‘हर हर गंगे’ म्हणतात. श्रद्धा आहेच, पण त्यात शरीराची एक युक्तीही बसली आहे. बोलायचं तर हवा बाहेर सोडावी लागते, आणि हवा बाहेर जात असताना तो हुंदका आत येऊ शकत नाही. ओरडलं की श्वास आपल्या हातात राहतो.

म्हणून तांब्या उचलताना श्वास घ्या आणि ओतताना बोला. आजोबांच्या तोंडून ऐकलेला ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति’ हा श्लोक पाठ असेल तर उत्तमच. दोन ओळींचा आहे, एका ओळीला एक तांब्या. देवाधर्माचं वावडं असेल तर एकोणतीसचा पाढा म्हणा. पाढ्याचा एक जास्तीचा फायदा आहे: मन थोडं जरी ढळलं तरी एकोणतीस सत्तेच्या पुढे गाडी अडते, आणि आपण कुठे आहोत ते समजतं.

कसोटी हीच. ओळ सलग, नेहमीच्या आवाजात म्हणता आली तर पाणी तुमच्या मापाचं आहे. पुढची पायरी चढायला हरकत नाही. आवाज चिरकला, शब्द तुटले, दात वाजून ओळ अर्धवट राहिली, तर आज एवढंच. उद्या एक पायरी खाली. घड्याळ लावू नका, थर्मामीटर तर मुळीच नको. मित्राला पाच मिनिटं जमतात म्हणून आपणही ओढायची, याला सराव म्हणत नाहीत. दात-ओठ खाऊन सोसलेली दहा मिनिटं आणि सरळ श्वासात घेतलेले दहा तांब्ये यांत मला विचाराल तर दुसरंच मोलाचं. पहिल्यात अंगाला फक्त ‘हे भयंकर आहे’ एवढंच कळतं.

पावसाळा

जूनपर्यंत बहुतेकांची अर्धी बादली गार, अर्धी गरम अशी घडी बसलेली असते. आषाढ-श्रावणात गरमची बादली बंद करून बघा. पाणी फार गार नसतं, पण हवा दमट आणि अंग ओलं, त्यामुळे गारवा रेंगाळतो. या दिवसांत आंघोळीपेक्षा नंतरची काळजी मोठी: जांघा, काखा आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या पंचानं नीट कोरड्या करा, नाहीतर सोसण्याचा सराव बाजूला राहील आणि नायटा सोसत बसाल.

कार्तिक आणि माघ

कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पहाटे कार्तिकस्नान, आणि पौष पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत माघस्नान, असं आपल्याकडे पूर्वीपासून आहे. व्रत म्हणून करा किंवा करू नका, पण वेळापत्रक म्हणून ते चोख आहे: आधी थंडीच्या उंबरठ्यावरचा महिना, मग थोडी विश्रांती, मग ऐन कडाक्याचा. आणि त्यातच नरक चतुर्दशीला तेल, उटणं आणि कढत पाण्याचं अभ्यंग. ज्यांनी पहाटेची गार आंघोळ घालून दिली त्यांनीच गरम पाण्याचा सणही ठेवला, ही समज मला फार आवडते. त्या दिवशी गार पाण्याचा हट्ट धरून घरच्यांचा विरस करू नका.

डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा कधी कधी पाच अंशांखाली जातो, पुणं-नाशिकही गारठतं. मुंबईकरांचं आणि कोकण-गोव्याकडच्यांचं पाणी तेव्हाही त्या मानानं सौम्यच. ज्याच्या त्याच्या गावाप्रमाणे हे बदलणार, तुलना करून उपयोग नाही. थंडीत मात्र तीन बदल करा.

एक, बादली रात्रीच भरून ठेवा. सकाळी नळ उघडायचा की गिझर लावायचा ही चर्चा मनाशी सुरू झाली की हरलातच. खरा त्रास पाण्याचा नसतोच, पांघरुणातून निघून पहिला तांब्या उचलेपर्यंतच्या त्या चार-दोन मिनिटांचा असतो. हात तांब्यावर, तांब्या हवेत, आणि डोक्यात एक वकील: काल झोप कमी झाली, घसा जरा खवखवतोय, आज सोमवार आहे. वकिलाला उत्तर देऊ नका. पाय पुढे करा आणि ओता.

दुसरा बदल, आधी अंग थोडं हलवा. दहा-बारा सूर्यनमस्कार पुरे. घाम येईपर्यंत नको. घामाघूम होऊन लगेच गार पाणी घेऊ नका, पाच मिनिटं बसा.

तिसरा, आंघोळ आवरती घ्या. दोन-तीन मिनिटांत संपवा, खसखसून अंग पुसा, लगेच कपडे घाला आणि घरात फिरत राहा. थोडी हुडहुडी भरणं ठीक. पंधरा-वीस मिनिटांनीही ती गेली नाही, बोटं बधिर किंवा पांढरी राहिली, तर पाणी जास्त झालं असं समजा. आणि छातीत दुखलं, ठोके अडखळले, भोवळ आली किंवा जीभ जड झाली तर तिथेच थांबून डॉक्टर गाठा. यात शूरपणा नको.

जे करायचं नाही

पोहता येतं म्हणून एकट्यानं विहिरीत, धरणात किंवा नदीत उतरू नका. न्हाणीघरात तो हुंदका निरुपद्रवी असतो. तोंड पाण्याखाली असताना तोच आला तर हवेऐवजी पाणी आत जातं. पावसाळी धबधब्यांचं तर बोलायलाच नको. गडांवरच्या टाक्यांतही उतरू नका. ते पाणी मागून येणाऱ्यांच्या पिण्याचं असतं.

समाजमाध्यमांवर जोरजोरात भराभर श्वास घेऊन मग पाण्यात शिरण्याचे व्हिडिओ फिरतात. भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यामुळे श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना उशिरा मिळते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतो. असे बुडून मृत्यू झालेले आहेत. तो प्रकार पाण्याजवळ कधीच नको.

व्यायामशाळेत वजनं उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्यांनी व्यायामानंतर लगेच बर्फाच्या टबात बसू नये. त्यामुळे स्नायूंची वाढ कमी होते, हे प्रयोगांत दिसलं आहे. त्यांनी सकाळी आंघोळ, संध्याकाळी व्यायाम असं अंतर ठेवावं.

आणि घरच्या लेकरांवर, म्हाताऱ्यांवर हे लादू नका. आपण होऊन पत्करलेली गैरसोय आणि दुसऱ्यानं लादलेली गैरसोय, पाणी एकच असलं तरी यांत जमीन-अस्मानाचा फरक.

यानं नक्की होतं काय

सर्दी होत नाही, चरबी वितळते, वय थांबतं, असलं काही मी सांगणार नाही. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तीन हजारांहून जास्त माणसं होती. त्यांतल्या काहींनी ३० दिवस रोज गरम शॉवरच्या शेवटी ३०, काहींनी ६० तर काहींनी ९० सेकंद गार पाणी घेतलं, उरलेल्यांनी नेहमीसारखी आंघोळ केली. गार पाणी घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी निघाल्या. पण आजारी असल्याचे दिवस काही कमी झाले नाहीत! म्हणजे बरं नसायचं तितकंच, पण माणसं कामावर जात होती. आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येकाला माहीत होतं, तेव्हा यातला मनाचा भाग किती हे सांगता येत नाही. तरी आपल्या विषयापुरतं ते पुरेसं बोलकं आहे. आणखी एक: ३० सेकंदवाले आणि ९० सेकंदवाले यांच्यात फरक पडला नाही. जास्त वेळ काढणाऱ्याला जास्त फळ, असा हिशेब इथे नाही.

माझ्या बघण्यातला फायदा अगदी साधा आहे. संतापलेल्या माणसाचा फोन आला, परीक्षेचा पेपर हातात पडला, रिक्षावाल्याशी वाजलं, की खांदे तसेच कानांकडे सरकतात आणि श्वास तसाच वर अडकतो. बादलीपाशी रोज भेटणारी ही खूण एकदा ओळखीची झाली की बाहेरही ती लवकर ध्यानात येते, आणि आधी श्वास सोडावा, मग बोलावं, हे सुचतं. नेहमी सुचतं असं नाही.

पुढच्या गैरसोयी

एक पूर्ण वर्ष पाण्यावर काढल्यावरच दुसरं काही हातात घ्या. आठवड्यातून एक रात्र गादी सोडून सतरंजीवर झोपा. एक कामाचा दिवस लिफ्टशिवाय काढा. एकादशी करायची तर साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि बटाट्याचा कीस यांनी पोट तडस लागेपर्यंत न भरता करा, नाहीतर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ आहेच. साखरेचं औषध घेणाऱ्यांनी उपासाच्या फंदात डॉक्टरांना विचारूनच पडावं. एका वेळी एकच गोष्ट. चार एकदम सुरू केल्या की चारही सुटतात.

खाडा पडला तर

पडणारच. ताप, प्रवास, लग्नघर, पाहुणे. आजारपणात सरळ गरम पाणी घ्या. आठवडाभरापेक्षा मोठी सुट्टी झाली असेल तर जिथे सोडलं तिथून सुरू न करता शेवटच्या तीन तांब्यांपासून परत या. वर चढायला आता पूर्वीइतका वेळ लागत नाही.

वयाबरोबर खाली उतरायलाही लाजू नका. रोमन तत्त्वज्ञ सेनेका तरुणपणी एक जानेवारीला रोमच्या कालव्यातल्या थंडगार पाण्यात उडी मारत असे. पुढे त्यानं मुक्काम टायबर नदीवर हलवला आणि म्हातारपणी तब्येत बरी असेल तेव्हा उन्हानं तापलेल्या टबावर आला, हे त्यानं स्वतःच मिश्कीलपणे लिहून ठेवलंय. आपल्याकडेही अंगणात घंगाळं भरून ठेवायची पद्धत आहेच. साठी उलटलेल्यांनी सकाळची बादली उन्हात ठेवावी आणि अकराच्या सुमारास आंघोळीला जावं.